पाय कुठे घसरतोय? गोल्फच्या बुटाचं एक कोल्हापुरी प्रकरण

पार्श्वभूमी

सुभाषनगर भागातल्या एका लहान बूट कारखान्याचं हे प्रकरण आहे. नावं दिलेली नाहीत, ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदललेत. चुका मात्र जशा झाल्या तशाच ठेवल्यात, आणि त्यातली सगळ्यात महागात पडलेली चूक माझी आहे.

कारखाना तीन पिढ्यांचा. आधी फक्त कोल्हापुरी चपला. आबा सत्तरी ओलांडूनही रोज सकाळी रापी (चामडं कापायचं हत्यार) घेऊन फरशीपुढे बसतात. त्यांच्या मुलानं, म्हणजे दादांनी, बुटांचं काम सुरू केलं: ऑफिसचे काळे बूट, शाळेचे बूट आणि शिरोली एमआयडीसीतल्या कारखान्यांसाठी सेफ्टी शूज. अकरा माणसं कामाला. मी फर्मे (ज्यांच्यावर बूट घडवतात ते पायाच्या आकाराचे ठोकळे) आणि पॅटर्नची कामं करतो, अशा चार-पाच कारखान्यांत माझी ये-जा असते.

2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाल्यापासून, आणि 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्यानंतर तर जास्तच, दुकानात येणारा दर दुसरा माणूस 'काहीतरी वेगळं करा की' असा फुकट सल्ला देऊन जातो. हे काम त्या सल्ल्यांतून आलेलं नाही. ते आलं सेफ्टी शूजच्या गिऱ्हाइकाकडून. हे साहेब फौंड्रीचे मालक, वय पन्नाशीच्या पुढे. शेतावर जाळी बांधून गोल्फचा सराव करतात आणि महिन्यातून दोनदा पुण्याला येरवड्याच्या मैदानावर खेळायला जातात.

ते म्हणाले, "दादा, शॉट मारताना डावा पाय घसरतोय. दोन परदेशी जोड्या झाल्या. तुम्ही करून बघा."

आम्ही तिघांनीही हे वाक्य ऐकलं आणि तिघांनीही एकच अर्थ घेतला: बूट गवतावरून घसरतोय. पुढचे दोन महिने या एका गैरसमजात गेले.

स्विंगमध्ये पाय काय करतात

गोल्फ न खेळणाऱ्याला हा खेळ हातांचा वाटतो. मलाही वाटायचा. उजव्या हातानं खेळणारा माणूस चेंडूपुढे उभा राहतो तेव्हा वजन दोन्ही पायांवर साधारण सारखं असतं. काठी मागे नेताना बरंचसं वजन उजव्या पायावर जातं. मग काठी खाली येते, आणि काठी वरून चेंडूपर्यंत यायला जेमतेम पाव सेकंद लागतो. तेवढ्या वेळात वजन डाव्या पायावर आपटतं. जोरदार शॉटला डाव्या पायाखालचा दाब माणसाच्या स्वतःच्या वजनापेक्षाही जास्त होतो. शरीर डावीकडे वळतच राहतं, डावं पाऊल बाहेरच्या कडेवर कलंडतं, आणि उजवा पाय टाच उचलून चवड्यावर फिरतो.

म्हणजे एकाच जोडीतल्या दोन बुटांना दोन वेगळी कामं. डाव्यानं बाहेरच्या बाजूला भिंतीसारखं उभं राहायचं. उजव्यानं आधी, काठी मागे असताना, बाहेर कलंडू द्यायचं नाही आणि मग पुढे सहज वाकून वळायचं.

हे सगळं मी काम घेण्याआधी वाचलं होतं. वाचलेलं कामाला आलं नाही, ही वेगळी गोष्ट.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय नाही म्हणण्याचा. दादांचा कल तिकडेच होता: एका जोडीसाठी कारखाना अडकवायचा कशाला? पण साहेब वर्षाला तीनशेवर सेफ्टी शूज घेतात. त्यामुळे 'नाही' हा पर्याय कागदावरच राहिला. तो तसा राहिला हे आम्ही एकमेकांना मोकळेपणानं सांगितलं असतं, तर पुढचे हिशेब जरा स्वच्छ झाले असते.

दुसरा, त्यांच्याच जुन्या बुटात टाचेला पॅड घालून, आतला सोल बदलून बघायचं. खर्च पाचशे रुपये. हा आम्ही हसण्यावारी नेला.

तिसरा, तयार मिळणारा दातेरी सोल आणून त्यावर आपलं अप्पर, म्हणजे बुटाचा वरचा भाग, चढवायचं. गोल्फच्या बुटांना पूर्वी लोखंडी खिळे असायचे. त्यांनी हिरवळीची चाळण व्हायची, म्हणून 1990 च्या दशकात प्लास्टिकचे, फिरकीनं बसवायचे दाते आले आणि क्लबांनी लोखंड बंद करत आणलं.

चौथा, दाते नसलेला, नुसत्या रबरी गोट्यांचा सोल. 2010 च्या मास्टर्स या मोठ्या स्पर्धेत अमेरिकी गोल्फपटू फ्रेड कपल्स असले जवळजवळ स्नीकरसारखे दिसणारे बूट घालून उतरला, तेव्हापासून ही चाल रुळली. त्यासाठी स्वतःचा साचा पाडायचा तर उद्यमनगरातल्या साचेवाल्यानं एका मापाचे दीड लाख सांगितले. विषय संपला.

मी तिसऱ्याच्या बाजूनं बोललो. "घसरतंय म्हणजे पकड कमी पडतेय, दाते वाढवू." इतकं सरळ.

पहिली जोडी

साहेब दहा नंबर वापरायचे. पाय मोजला तर लांबी नऊची आणि चवडा चांगलाच रुंद. बसून काढलेल्या आणि उभं राहून काढलेल्या आराखड्यात रुंदीचा पाच मिलिमीटर फरक. आपल्याकडे हे रोजचं आहे: परदेशी बूट चवड्याला आवळतो म्हणून माणूस एक नंबर मोठा घेतो. इंग्रजी मापात एक नंबर म्हणजे पाव इंचापेक्षा जास्त, साडेआठ मिलिमीटर लांबी. रुंदी मात्र त्या मानानं जेमतेम दोन मिलिमीटर वाढते. रुंदीसाठी घेतलेला बूट लांबीला मोकळा पडतो, टाच सुटी राहते आणि बूट वाकतो भलत्याच जागी.

इथं आमच्या हातात उत्तर होतं. आम्ही ते मापाच्या वहीत लिहिलं आणि पुढे गेलो.

नऊचा फर्मा घेऊन चवड्याच्या दोन्ही बाजूंना चामड्याचे तुकडे ठोकून तो रुंद केला. अप्परला मऊ चामडं, कारण साहेबांना 'आवळलेलं नको' होतं. आतला सोल मात्र आबांच्या आग्रहानं आपल्या चपलेच्या चामड्याचा, बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेला. खाली बाजारातला दातेरी सोल, दर बुटाला सात दाते. सोल्यूशन लावून चिकटवला आणि कडेनं टाके मारले.

जोडी दिसायला देखणी झाली. पुण्यात दोन वेळा खेळून आल्यावर साहेबांचा फोन: पाय अजून घसरतोय, आणि आता डावा गुडघा दुखतोय. वर हसत म्हणाले, "टायगर वुड्सचा पण डावाच गुडघा गेला होता." वुड्सनं 2008 ची यूएस ओपन डाव्या गुडघ्याचा लिगामेंट तुटलेला असताना जिंकली आणि लगेच शस्त्रक्रिया करून घेतली, हे खरं. पण वुड्स वुड्स आहे. आमचे साहेब सोमवारी सकाळी फौंड्रीच्या जिन्यावरून उतरताना कठडा धरत होते.

माझं मत तरीही ठाम: दाते लहान पडतायत, मोठे बसवू. ते त्या दिवशी बसवले असते तर काय झालं असतं, याचा विचार नको वाटतो.

करंगळी दोन ठिकाणी

आबांनी बूट हातात घेतला, बाहेरून बघितलाच नाही. आतला सोल उपसून काढला आणि दाराजवळ उजेडात नेला. साल-हिरड्यात कमावलेल्या चामड्याचा हा गुण: घाम आणि दाब मिळाला की ते पायाचा ठसा घेतं. उजव्या बुटातला ठसा स्वच्छ होता. अंगठा, चवडा, टाच, जसं ओल्या फरशीवर पाऊल. डाव्यात टाचेचा ठसा बाहेरच्या बाजूला फराटल्यासारखा होता, आणि करंगळीचे दोन काळे डाग. एक जिथं असायला हवा तिथं, दुसरा बोटभर बाहेर, पार शिवणीला टेकलेला.

"हे बघ. करंगळी दोन ठिकाणी हाय. बूट न्हाई घसरत बाबा, पाय घसरतोय. बुटात."

मग बाहेरून बघितलं तर तेही दिसलं. डाव्या बुटाचं मऊ अप्पर बाहेरच्या कडेला सोलच्या पलीकडे लोंबायला लागलं होतं. पाय आतून त्याला ढकलत होता.

साहेबांना फोन करून पहिल्यांदाच विचारलं: पाय घसरतो म्हणजे नेमका कुठे? ते म्हणाले, "बुटातच की. गवतावर कुठं घसरतोय? मी सांगितलं नव्हतं काय?"

सांगितलं होतं. आम्ही विचारलं नव्हतं.

आता चित्र जुळलं. आमच्या सात दातांनी बूट जमिनीला खिळवून टाकला. वरचं शरीर वळतंय, खाली बूट वळत नाही, मध्ये पाय मऊ अप्परमध्ये लोळतोय, आणि उरलेला पीळ जातोय गुडघ्यात. आबा तरुणपणी तालमीत जायचे. ते म्हणाले, मातीत पाय रुततो, पण वळायच्या वेळी माती वाट देते. गोल्फचं गवत आणि तालमीची माती एक नव्हे, पण मुद्दा बरोबर होता: पकड किती हवी याच्याइतकंच ती कधी सुटायला हवी हेही ठरवावं लागतं.

फौंड्रीतला पाना

वाद अंदाजांवर चालू नये म्हणून साहेबांनीच मार्ग काढला. त्यांच्या टूलरूममध्ये काट्याचा टॉर्क रेंच, म्हणजे पिळायला किती जोर लागला ते दाखवणारा पाना, होता. प्लास्टिकच्या फर्म्याला वरून भोक असतंच. त्यांच्या फिटरनं तिथं बोल्ट बसवून दिला, फर्मा बुटात घातला, आजूबाजूला चाळीस किलोचं कास्टिंग बांधलं. शेतावरच्या ओल्या लॉनवर ठेवून पाना फिरवायचा आणि बूट जागेवरून फिरायला लागतो तो आकडा लिहायचा. प्रत्येक बूट दहा वेळा, दर वेळी नव्या जागेवर.

जुना परदेशी बूट अठराच्या आसपास सुटला, न्यूटन-मीटरमध्ये. आमची पहिली जोडी सत्तावीसला. दीडपट. खऱ्या स्विंगचा वेग आणि वजन याच्यापेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे हे आकडे प्रयोगशाळेत दाखवायच्या लायकीचे नाहीत. पण दोन बुटांची आपापसात तुलना करायला पुरेसे होते, आणि माझं तोंड बंद करायलाही.

बूट सरळ बाजूला ओढायला किती जोर लागतो तेही स्प्रिंगच्या काट्यानं बघितलं. तिथं दोन्ही बुटांत फारसा फरक नव्हता. म्हणजे दातांनी वाढवलं होतं ते वळण्याला होणारं अडणं. बाजूला घसरणं थांबवण्यात त्यांची भर किरकोळ. कारणही साधं आहे: कडेला बसवलेला दाता पावलाच्या मध्यापासून लांब असतो, त्यामुळे तो पिळाला जास्त अडतो. लांब दांड्याचा पाना नटाला जसा सोपा जातो, तेच उलट बाजूनं.

दुसरी जोडी

या वेळी काम आतून बाहेर केलं. आधी टाच. टाचेमागचा कडक काउंटर डाव्या बुटात बाहेरच्या बाजूनं लांबवून करंगळीच्या हाडाच्या मुळापर्यंत नेला. अप्परला ताणणार नाही असं जाड क्रोम (क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं) चामडं. दवाच्या गवतात हिरडा-बाभळीचं चामडं पाणी पितं आणि सैल पडतं, म्हणून ते वर नकोच. आत मात्र तोच आतला सोल ठेवला, त्यानंच तर निदान केलं होतं. नाडीची भोकं एक जोडी मागे सरकवली, म्हणजे पायाची कमान बांधली जाते आणि चवडा मोकळा राहतो.

मग पाया. टाचेखालची जाडी अठ्ठावीस मिलिमीटरवरून बावीसवर आणली, कारण पाय जितका उंच तितका कलंडायला सोपा. टाच आणि कमानीमध्ये स्टीलचा शँक (पट्टी), बूट मधोमध पिळू नये म्हणून. डाव्या सोलची बाहेरची कड अप्परच्या बाहेर चार मिलिमीटर काढली. आबांना ही कड बघवत नव्हती, त्यांच्या मते हा 'बेंगरूळ' बूट. मधल्या थरात बाहेरच्या बाजूला कडक ईव्हीए (फोमसारखं हलकं प्लास्टिक), आतल्या बाजूला मऊ.

सोल म्हणजे गोटीदार रबर शीट, हातानं कापलेली, त्यात मध्यभागी आणि टाचेला मिळून चारच दाते. कडेला फक्त बसक्या रबरी गोट्या. उजव्या बुटाला चवड्याच्या रेषेत आडवी खाच, वाकायला, आणि पुढच्या आतल्या कोपऱ्यातल्या गोट्या घासून गोल केल्या, चवड्यावर फिरायला.

पाना लावला. डावा बूट वीसला सुटला.

साहेब बारा वेळा खेळले. आतला सोल दर तीन खेळींनी काढून बघितला. करंगळी एका जागी. मोबाइलवर संथ गतीत काढलेल्या चित्रफितीत पाऊल अजूनही कलंडतं, ते कलंडणारच, पण बुटासकट कलंडतं. गुडघा दुखायचा थांबला. त्याचं सगळं श्रेय बुटाला देता येत नाही, कारण याच काळात पुण्याच्या प्रशिक्षकानं त्यांना डाव्या पायाचा चवडा उभं राहतानाच थोडा, चेंडू जिकडे मारायचा त्या दिशेकडे उघडायला सांगितलं होतं. त्यानंही गुडघ्यावरचा पीळ कमी होतो, आणि त्याला एक पैसा लागत नाही.

सहा जोड्या आणि एक डावखुरा

साहेबांच्या खेळातल्या मंडळींनी सहा जोड्या सांगितल्या. सहा माणसं, पाच मापं, दर मापाला फर्म्यावर नव्यानं चामडं ठोकणं. साहित्य आणि मजुरी मिळून जोडी सहा हजार चारशेला पडली, आणि दादांनी ती सात हजारांना दिली. त्या तीन आठवड्यांत सेफ्टी शूजची एक ऑर्डर आठ दिवस लांबली, तो तोटा या हिशेबात धरलेलाच नाही.

पाच जोड्या ठीक गेल्या. सहावी परत आली. त्या गृहस्थांचं म्हणणं: बूट उलटे झालेत, जिथं टेकू हवा तिथं वाकतो आणि जिथं वाकायला हवा तिथं भिंत. दादा वैतागले. मी सगळी मापं पुन्हा तपासली, सगळी बरोबर. शेवटी साहेबांनी सांगितलं की ते डावखुरे आहेत.

डावखुऱ्याचा पुढचा पाय उजवा. सगळी रचना आरशातल्यासारखी उलटी हवी. आमच्या ऑर्डरच्या कागदावर नंबर, रंग, नाडी, फोन असे नऊ रकाने होते. कुठल्या हातानं खेळता, हा रकाना नव्हता.

ही फजिती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. डावा-उजवा बूट वेगळा करायचं ठरवलं त्याच दिवशी प्रत्येक मापाचे दोन प्रकार होणार हे ठरलं होतं, आणि लहान कारखान्याला ते साठवणं परवडत नाही. दादांनी तिथंच गोल्फ थांबवलं. मला तेव्हा वाईट वाटलं. निर्णय बरोबर होता.

आज करायचं झालं तर

पाचशे रुपयांचा तो दुसरा पर्याय आधी करावा. जुन्या बुटात टाचेचा पॅड आणि चामड्याचा आतला सोल घालून साहेबांना एकदा खेळायला पाठवलं असतं, तर करंगळीचे दोन डाग पहिल्याच आठवड्यात दिसले असते. मापाच्या वहीतलं 'लांबी नऊ, वापर दहा' हे वाक्य तिथंच लाल शाईनं अधोरेखित करायला हवं होतं. प्रशिक्षकाशी बोलणंही पहिल्या जोडीच्या आधी.

डाव्या-उजव्या फरकाबद्दल माझं मत बदललंय. दोन्ही बुटांचे सोल सारखे ठेवावेत, दोन्हींना बाहेरची कड द्यावी, आणि फरक फक्त आतल्या सोलखाली सरकवायच्या पाचरीत ठेवावा. कडक पाचर पुढच्या पायाच्या बुटात, मऊ मागच्या. डावखुऱ्यानं घरीच अदलाबदल करावी. अशी एक जोडी मी स्वतःसाठी म्हणून करून बघितली. पाना लावून तपासली, खेळून नाही, मला खेळता येत नाही.

रुंद केलेला तो फर्मा मात्र वाया गेला नाही. दादांनी त्याच्यावरून ऑफिसच्या बुटांचा 'रुंद' प्रकार काढला. एक नंबर मोठा मागणारं गिऱ्हाईक आलं की आता पोरगा आधी पाय कागदावर उभा करून घेतो.

डावखुऱ्या गृहस्थांची परत आलेली जोडी दुकानाच्या वरच्या फळीवर आहे. आबा तिला हात लावू देत नाहीत. आत ऑर्डरचा नवा छापलेला कागद घडी घालून ठेवलाय, दहा रकान्यांचा.